काटा एर्रर्र

मंगळवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी मी घराच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होतो. त्याच मिनिटाला मोबाइल वाजला आणि मला कळलं, की माझ्या घराला कुलूप आहे.

मी मागं वळून बघितलं. दार सताड उघडं. आत आई मालिका बघत होती. आमच्या दाराची कडी दोन वर्षांपूर्वी मोडली, तेव्हापासून कुलूप लावायचं म्हटलं तरी लावता येत नाही. तरी मेसेज ठाम होता : डोअर लॉक्ड, कस्टमर नॉट अव्हेलेबल, उद्या पुन्हा प्रयत्न करू. उद्याही मी उंबऱ्यावर होतो, कांदे घेऊन. उद्याही कुलूप होतं.

आमचा पत्ता तसा सरळ आहे. घर नंबर, बी वॉर्ड, मंगळवार पेठ, कोल्हापूर ४१६०१२. जुन्या कोल्हापुरात घरांचे नंबर ए, बी, सी, डी, ई अशा वॉर्डांतच असतात. पण पार्सलवाला पोरगा बाहेरगावचा आणि कामावर नवा. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "सर, बी वॉर्डात आलोय. बेड नंबर सांगा."

तो सीपीआरच्या, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्याच्या, कॉरिडॉरमध्ये उभा होता. मागून एका सिस्टरांचा आवाज आला, "ओ, पेशंटचं नाव काय?" त्यानं माझं नाव सांगितलं. शोधाशोध झाली. सुदैवानं मी तिथं दाखल नव्हतो.

खरं तर पत्त्याच्या भानगडीवर अख्ख्या देशाला औषध दिलं ते एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर. पोस्ट खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं ढिगानं, पत्ते नाना भाषांत, अक्षरं देवाला माहीत. म्हणून त्यांनी पिनकोड बसवला आणि १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. पहिला आकडा ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश हा पट्टा. ४१६ म्हटलं की कोल्हापूर आलं, सांगली आली, सावंतवाडीसुद्धा आली. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिसचे. सहा आकड्यांत पत्र देशाच्या कुठल्याही टोकावरून पोस्टाच्या दारात येतं. तिथून माझ्या दारापर्यंत सातवा आकडा लागतो, आणि तो पूर्वी सायकलवरून यायचा. खाकी कपडे, कानाला पेन्सिल. पत्र हातात द्यायच्या आधीच सांगायचा, "मावशीला मुलगी झाली, दोघी बऱ्या हायत." २०२५ साली पोस्टानं डिजिपिन काढला. दहा अक्षरांचा, देशाचे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून. म्हणजे मी नेमक्या कुठल्या चौकोनात लसूण सोलत बसलोय तेही आता सांगता येतं. पोराला मात्र मी दिसत नाही.

असो. चौथ्या दिवशी मेसेज आला, 'डिलिव्हर्ड'. सोबत पुराव्याचा फोटो. फोटोत माझा खोका होता. खोक्याखाली तांबडी माती होती. कोपऱ्यात एका मुदगलाचा बुंधा होता आणि बटाट्याएवढा एक अंगठा होता. पायाचा.

अशी माती आमच्या पेठेत एकाच ठिकाणी असते. गल्लीच्या टोकाला तालीम आहे.

आत गेलो तर लंगोटावर सात-आठ पैलवान ओळीत उभे. ओळीच्या तोंडाशी माझा वजनकाटा, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून वस्ताद, आणि वस्तादांच्या मांडीवर दोनशे पानी वही.

"या की, या," वस्ताद म्हणाले. "तुमचं हाय व्हय ते? आमी कवाधरनं म्हणतोय, कुणाचं हाय, कुणाचं हाय."

"वर नाव आहे की माझं. मोबाइल नंबरसुद्धा आहे."

"नाव हाय ओ. पर तुमचं ते नाव गल्लीत कुणाला ठावं हाय? समदी बाळूच म्हणत्यात."

हे खरं होतं. आधार कार्डावरचं माझं नाव फक्त सरकारला आणि कंपन्यांना माहीत आहे.

"मग फोडलं कशाला?"

"फोडल्याबिगर कळणार कसं कुणाचं हाय?"

"फोडल्यावर कळलं का?"

"न्हाई. पर काटा निघाल्यावर म्हटलं, तालमीचाच असणार. काटा काय कोण घरात ठेवतंय व्हय? घरात कशाला लागतोय?"

"वजन करायला."

"कुणाचं?"

"माझं."

ओळ जरा हलली. शड्डू ठोकणारा एकजण मध्येच थांबला.

"बरं. आन् वजन करून काय करणार?" वस्तादांनी चौकशीच्या सुरात विचारलं.

"कमी."

वस्तादांनी वही मिटली. मी त्यांच्यासमोर दूध ओतून दिलं असतं तरी त्यांचा चेहरा इतका पडला नसता. "कमी? आवो, ही पोरं बघा. बदाम, थंडाई, तूप. किलोभर चढवायचा तर आई-बाप गावाकडं म्हस इकत्यात. आन् तुमी बसल्या जागंला फुकट मिळवल्यालं घालवाय निघालायसा?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. डॉक्टरांचं नाव सांगून बघितलं. वस्तादांनी डॉक्टरांचं वजन विचारलं. अंदाजे साठ म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली, म्हणजे अशा माणसाचं काय ऐकता. त्यांचंही बरोबर आहे. हे गाव शाहू महाराजांचं. १९१२ साली त्यांनी खासबाग मैदान उभं केलं ते काही आमच्यासारख्या कारकुनांनी सत्तर किलोवर यावं म्हणून नव्हे.

"पर मशीन भारी हाय," वस्ताद माझं सांत्वन करत म्हणाले. "नुसता काटा किर्रर्र. एकच गडबड हाय. दोघं चढली का एर्र म्हणतंय. एर्र म्हंजी काय?"

"दोघं कशाला चढवली?"

"खोक्यावर एकशेऐंशी लिवलंय न्हवं? म्हटलं खरं का खोटं बघूया. आमची दोन पोरं म्हंजी दोनशे वीस. कंपनी खोटं बोलत न्हाई, एर्रच म्हणाली."

त्या क्षणी मला भडभडून आलं. माझ्या घराला कुलूप आहे असं दोन दिवस सांगणारी कंपनी या माणसाला खरी वाटत होती.

"आता तुमी चढा."

"नको, मी घरी नेऊन—"

"चढा की! लाजायचं कशाला? हितं समदी लंगोटावर हायत."

चढलो. चपलेसकट. वस्तादांनी चष्मा लावून वाकून बघितलं आणि खासबागेत कुस्ती पुकारतात त्या आवाजात म्हणाले, "त्र्याण्णव चारशेऽऽ!" वहीत लिहिलं. नाव, बाळू. मग गट बघितला. "आवो, तुमी महाराष्ट्र केसरी गटात बसतायसा की!" सगळ्या तालमीनं टाळ्या वाजवल्या. मला कबूल करायला लाज वाटते, पण क्षणभर छाती फुगली. काटा त्यांनी रविवारपर्यंत ठेवून घेतला. रविवारी कुठंतरी मैदान होतं.

घरी येऊन मी कंपनीकडं तक्रार केली, की पार्सल मला न देता भलत्याला दिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं : आपली अडचण सोडवण्यात आली आहे, आम्हाला किती तारे द्याल?

दोन दिवसांनी तो पोरगा चौकात चहाच्या गाड्यावर सापडला. भांडायचं ठरवूनच गेलो होतो. तो म्हणाला, "सर, रात्री बॅगेत पार्सल उरलं की वर जाब द्यावा लागतो. कुलूप दाबलं की जाब नाही." पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, पैसे पार्सलमागं. त्याच्यावर ओरडून काही मिळणार नव्हतं, आणि ज्याच्यावर ओरडायचं त्याचा नंबर कुठं मिळत नाही. चहाचे पैसे मीच दिले, त्याचाही राग आला.

आणि काटा ही चेष्टेची गोष्ट झाली. गेल्या वर्षी आईच्या विम्याच्या नूतनीकरणाचं पत्र मुदत संपल्यावर तीन आठवड्यांनी आलं. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, पत्र आम्ही वेळेत धाडलं होतं. त्यांच्याकडं धाडल्याची नोंद, माझ्याकडं पाकीट, आणि मधल्या दिवसांचा मालक कुणीच नाही. आईनं ते पाकीट अजून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलंय. का, ते सांगत नाही. त्यावर तालमीतलं कुणी टाळ्या वाजवणार नाही.

काटा अजून तालमीतच आहे. रविवार दोन होऊन गेले. मागायला गेलो की वस्ताद आधी मला चढवतात. पानपट्टीवाला लांबूनच विचारतो, "आज किती?" परवा मात्र दाराशी एक नवीन पोरगा उभा राहिला, घामेजलेला, हातात लहानसा खोका.

"त्र्याण्णव किलो इथंच राहतात का?"

"हो," मी म्हणालो. अनेक वर्षांत पहिल्यांदा कुणी एका फेरीत घर शोधलं होतं.

खोका मागच्या गल्लीतल्या कुणाचा तरी होता. "तुम्हाला सगळी ओळखतात, तुम्हीच द्या," असं म्हणून त्यानं माझ्या उंबऱ्याचा फोटो काढला आणि गेला. वरचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. आईनंही ऐकलेलं नाही. दोन दिवस झाले, खोका टीव्हीशेजारी आहे. हलका आहे. हलवून बघितला, तर आत काहीतरी खुळखुळतंय.