चकचकीत करून देतो, ताई!

दोन वर्षांत दुसऱ्यांदा अंगणातल्या त्याच सागवानी बाकाचं पॉलिश खरवडतेय मी, हातात काचेचा तुकडा घेऊन. ‘लाकूड म्हटलं की एवढं चालायचंच’ असं आता कुणी येऊन म्हणूच नये. नाही चालायचं! सागवानाची काही चूक नाही. सासऱ्यांनी जुन्या घराच्या तुळया चिरून करवून घेतलेलं बाक आहे, आपल्यापेक्षा जास्त जगेल. वरचा चकचकीत मुलामा मात्र वर्षभरसुद्धा तग धरत नाही.

आधी झालं स्पिरिट पॉलिश. म्हणजे लाख. स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि बोळ्याने घासत बसायचं. देवघराच्या चौकटीला झकास दिसतं, मान्य. पण ओला पेला ठेवला तरी जिच्यावर पांढरं वर्तुळ उठतं, ती लाख दापोलीच्या अंगणात? इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो बाबांनो! जून संपायच्या आत बाकावर ताक सांडल्यासारखे डाग.

मग गेल्या दिवाळीला दुसरा पॉलिशवाला आला. ‘ताई, मेलामाइन मारू, पाच वर्षं बघायला नको.’ मारलं. मेलामाइन म्हणजे रासायनिक राळेचं पॉलिश, काचेसारखं कडक. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं, त्याच्याबरोबर हे कवच हलत नाही, तडकतं. एप्रिलमध्ये केसाएवढ्या चिरा, मेमध्ये पापुद्रे. सासूबाई बाकावरून उठल्या की साडीला मागे पिवळट टिकल्या चिकटलेल्या. पावसाचं पाणी चिरांतून आत शिरलं आणि वरच्या थराने त्याला बाहेर पडू दिलं नाही, त्यामुळे खाली बुरशीचं काळं नक्षीकाम. बाक उलटं करून बघितलं तर पायांच्या तळाला ब्रशसुद्धा लागलेला नाही! लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते तिथून, आडव्या कापातून. तिथे खरं तर दोन हात जास्त द्यायला हवेत. पण तिथे कोण वाकून बघतंय, नाही का?

आता तिसरा शहाणा, दुकानदार. ‘पीयू घ्या, सगळ्यात महाग तेच.’ पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, प्लॅस्टिकसारखा थर धरणारं पॉलिश. डबा घरी आणून चष्मा लावून वाचला तर बारीक अक्षरात लिहिलेलं, आतल्या लाकूडकामासाठी. अहो, काउंटरवर तीनदा ‘अंगणातलं बाक’ म्हटलं होतं मी! पीयूला नावं नाही ठेवत. पण बाहेरचं पीयू वेगळं येतं, ऊन सोसेल अशी द्रव्यं घातलेलं. नाहीतर अतिनील किरण पारदर्शक थरातून आरपार जातात आणि खालच्या लाकडाचाच पृष्ठभाग खराब करतात, मग थर धरून राहणार कशाला? एवढं विकणाऱ्याला ठाऊक नसावं? वर सल्ला, ‘आत्ताच मारून टाका.’ ऑगस्टमध्ये! लाकूड ओलंगच्च, आणि थर घट्ट व्हावा म्हणून पीयूत मिसळतात त्या हार्डनरचे दमट हवेत बुडबुडे येतात ते वेगळेच.

नातेवाइकांचं तर विचारूच नका. जाऊबाई म्हणतात, गोडंतेल चोळ. ते वाळत नाही हो, चिकट होऊन धूळ धरतं! वाळतं ते जवसाचं, पण तेही नुसतं चोपडलं की दमटात बुरशीला मेजवानी. शेजारच्या काकांचा आग्रह काजूच्या टरफलांच्या तेलाचा. वाशांना ठीक आहे, वाळवी लागत नाही. बसायच्या बाकाला कच्चं तेल फासलं तर वाळवीआधी माणसांचीच कातडी सोलून निघेल.

संताप पैशाचाही आहे, पण जास्त याचा की यातल्या एकानेही ‘बाक उन्हात असतं का? पाऊस थेट लागतो का?’ हे विचारलं नाही. दोन प्रश्न! डॉक्टरसुद्धा गोळी देण्याआधी जीभ बघतो.

सध्या बाक पडवीत उलटं पडलंय. दिवाळीनंतर खडखडीत वाळलं की बाहेरच्या लाकडासाठीचं तेल देणार आहे, लाकडात मुरणारं. पापुद्र्यांची भानगडच नको. चमक नाही आली तरी चालेल, दर पावसाळ्याआधी मीच एक हात मारीन.

काल चौथा पॉलिशवाला येऊन गेला. फाटकातूनच, बाकाकडे न बघता विचारतो, ‘ताई, ग्लॉसी करायचं का मॅट?’