पार्किंगमधला पंचनामा

लिफ्टशेजारच्या फलकावर परवा सूचना लागली. ‘काही सभासद पार्किंगमध्ये प्राण्यांचे आवाज काढून शांतताभंग करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. लहान मुलांवर अनिष्ट परिणाम होतो. सहकार्य करावे.’ खाली सेक्रेटरींची सही आणि गोल शिक्का. ‘काही सभासद’ हा सोसायटीचा मोठेपणा. ते काही सभासद म्हणजे मी एकटा, हे दूधवाल्यालासुद्धा ठाऊक आहे.

खरा प्राणी चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्या शेजारी. दोन गॅलऱ्यांच्या मध्ये एक विटेची भिंत, तीही अर्धीच. जात बीगल, नाव कोको. ही जात इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी वाढवली. कुत्री झुडपात शिरून दिसेनाशी झाली तरी मागून येणाऱ्या शिकाऱ्याला पत्ता लागावा, म्हणून लांबवर ऐकू जाणारा आवाज पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम जोपासला. त्यामुळे भुंकणं हा कोकोचा दोष म्हणताच येत नाही, ती त्याची नोकरी आहे. इंदिरानगरात ससे नाहीत. पण कुरिअरवाले आहेत, गॅसवाला आहे, गाणं वाजवत येणारी घंटागाडी आहे. कोको भुंकतो आणि माणूस निघून जातो. तो पार्सल देऊन जाणारच होता, हे कोकोला कोण सांगणार? त्याच्या हिशेबी आजवर एकही शत्रू इमारतीत टिकलेला नाही. एवढं यश पदरी असल्यावर कोण आवाज खाली आणेल?

मी सातपूरला कारखान्यात आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. कोको तिन्ही पाळ्या करतो, ओव्हरटाइमसकट.

तर रविवारी सकाळी मी तक्रार करायला खाली उतरलो. मुद्दाम मिसळ खाऊन आल्यावर. नाशकात रविवारी मिसळीच्या आधी कोणी गंभीर विषय काढत नाही, आणि नंतर काढला तर काळी तर्री पोटात असते, माणसाला जरा धार असते. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अण्णा बसले होते. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. खात्याने त्यांना सोडलं, त्यांनी खात्याला सोडलेलं नाही. सोसायटीत ते तक्रार निवारण बघतात.

“तोंडी की लेखी?” अण्णा म्हणाले.

“तोंडीच, अण्णा. शेजारचा कुत्रा भुंकतो.”

“हे वर्णन झालं. तक्रार काय?”

“रात्रभर भुंकतो.”

अण्णांनी खिशातून डायरी काढली. २०१९ सालची. पेनाचं टोपण उघडून मागे लावलं. “रात्र घरगुती की शासकीय?”

“म्हणजे?”

“शासकीय रात्र दहा ते सहा. तुम्ही नवाला झोपत असाल तर ती तुमची खाजगी रात्र.”

इथे मला जरा हुरूप आला, कारण हे मी वाचून गेलो होतो. “दहा ते सहाच म्हणतोय. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५.”

“मोजलेत?”

“मोबाइलवर.”

“मोबाइल शासनमान्य नाही.” त्यांनी काहीतरी लिहून खोडलं. “बरं, प्रकार सांगा.”

“कसला प्रकार?”

“भुंकणं, गुरगुरणं, केकाटणं, विव्हळणं. रकाना मोकळा सोडता येत नाही.”

“सगळं मिळून असतं हो ते.”

“मिळून असं लिहिता येत नाही. करून दाखवा.”

मी आजूबाजूला पाहिलं. वॉचमन गाडी पुसत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी कट्ट्यावर मेथी निवडत होत्या. दोन मुली सायकल फिरवत होत्या.

“आत्ता? इथे?”

“पंचनामा जागेवरच होतो.”

मी घसा साफ केला आणि हळूच “भू” म्हणालो.

“हे कबुतर झालं,” अण्णा म्हणाले. “जोर नाही. आणि तो शेवटी सूर ओढतो ना वर, तो कुठाय?”

“म्हणजे तुम्हालाही ऐकू येतं?”

“मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, ऐकू न यायला काय झालं? पण मी तक्रारदार नाही. तक्रारदार तुम्ही. ओढा सूर.”

माणसाचं डोकं कुठल्या क्षणी फिरतं ते सांगता येत नाही. महिनोन्‌महिने साठलेली झोप, तर्री आणि ते उघडं पेन. मी मान वर केली, डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून सूर ओढला. वॉचमनच्या हातातलं फडकं खाली पडलं. क्षणभर शांतता. मग चौथ्या मजल्यावरून कोकोने उत्तर दिलं. शास्त्रशुद्ध, खालच्या पट्टीत सुरू करून वर नेलेलं.

पटापट गॅलऱ्या भरल्या. ज्या बिऱ्हाडांत रात्री अडीचला कोणाचा दिवा लागत नाही, तिथली माणसं दात घासता घासता बाहेर आली. मेथीवाल्या आजी म्हणाल्या, “अगं बाई, हुबेहूब!” आणि वरून कोकोच्या वहिनींनी वाकून हाक मारली, “भाऊ, प्लीज त्याला चिडवू नका ना! आत्ता कुठे डोळा लागला होता त्याचा!”

त्याचा डोळा.

अण्णांनी शांतपणे नोंद पूर्ण केली आणि वाचून दाखवली: “तक्रारदार भुंकला असता कुत्र्याने प्रत्युत्तर दिले. प्रथम आवाज तक्रारदाराचा.” खाली माझी सही मागितली.

मी सही केली नाही. पण आजींनी मला बसवून घेतलं, हातात मेथीची अर्धी जुडी दिली आणि समजूत घातली. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद आहेत. कानावर पडतंय ते पुण्य समज. माझी ना नाही. चारांपैकी गायचा तेवढा सामवेद, त्यामुळे कोकोची शाखा ओळखायला मला वेळ लागला नाही. मात्र आजींना स्वतःला हे पुण्य फारसं मिळत नाही. श्रवणयंत्र रात्री डबीत असतं.

हसण्यावारी नेतोय, पण चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं वहिनींनी छापून, लॅमिनेट करून दाराला लावली आहेत. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, भुंकणं नैसर्गिक आहे, हे सगळं त्यात आहे आणि ते बरोबरच आहे. बंदी घाला असं म्हणतंय कोण? पण त्याच तत्त्वांत पुढे असंही आहे की सतत भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, तेव्हा मालकांनी विशेषतः रात्री कुत्रा शांत राहील असं बघावं. लॅमिनेशन त्याच्या आधी संपतं.

आणि तो भुंकणार नाही तर काय करेल? साहेब पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाउन करतात, वहिनी नऊला बँकेत. कोको दिवसभर गॅलरीत, वॉशिंग मशीन आणि वाळलेल्या तुळशीची कुंडी यांच्या मधल्या जागेत. अर्ध्या भिंतीवरून मला दिसतो. स्टीलचं भांडं नाकाने ढकलत या टोकाहून त्या टोकाला नेतो. ते जाळीला आपटलं की थांबतो, वळतो, परत ढकलत आणतो. भांड्याच्या कडेला पोचे पडलेत. दुपारी ऊन थेट आत येतं, तेव्हा मशीनखाली जेवढं डोकं मावतं तेवढं घालून पडतो. त्याच्या वाढदिवसाला केक आला होता, त्यावर हाडाच्या आकाराचं क्रीम होतं. आम्हालाही एक तुकडा आला. फिरवणं म्हणजे रात्री दहाला पार्किंगच्या पहिल्या खांबापर्यंत, मोबाइल बघत. जॉगिंग ट्रॅक हाकेच्या अंतरावर आहे. शिकारी कुत्रा तो, सकाळी तासभर पळवला तर रात्री मेल्यासारखा झोपेल. हे मला कळतं, ज्याने आयुष्यात मांजरसुद्धा पाळलं नाही.

हेच मी काल साहेबांना लिफ्टमध्ये गाठून, शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं. लिफ्टमधून ते कुठे पळणार? ते मनापासून हसले. म्हणाले, “नेणारच आहे हो एखाद्या रविवारी. पण आठवडाभर ट्रेन, रविवारी उठवतच नाही.”

“इतक्या आवाजात तुम्हाला झोप लागते?”

“आमची बेडरूम मागच्या बाजूला आहे ना,” ते म्हणाले, “तिकडे काहीच ऐकू येत नाही.”