अर्ध्या मजल्यावरचा आमरस

आमरसाचं पातेलं घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो ही माझी चूक होती, असं आता दोन्हीकडच्या नातेवाइकांनी एकमताने ठरवलं आहे. एकमत म्हणजे माझं मत सोडून. पातेलं मी मागितलं नव्हतं. मेहुणीनेच ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "जिन्याने नको हं, सांडेल. लिफ्टने न्या."

साडूचा बंगला सहकारनगरात. तळमजला आणि वर दोन मजले. तीन वर्षांपूर्वी त्याने वडिलांच्या गुडघ्यांसाठी घरात लिफ्ट बसवली. तिच्यात आरसा आहे, इटालियन मार्बल आहे, छताला चांदण्या आहेत. स्वयंपाकघर खाली, पंगत वर. आणि वार होता गुरुवार. पुण्यात गुरुवार हा दत्ताचा आणि दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा. पुणेकराला याहून जास्त सांगायची गरज नाही.

या लिफ्टची एक खोड आहे. तिचं बटण एकदा दाबून भागत नाही, पोहोचेपर्यंत दाबून धरावं लागतं. बोट काढलं की ती थांबते. सुरक्षिततेसाठी हे असं असतं म्हणे. वेग सेकंदाला पंधरा सेंटिमीटर. म्हणजे एक मजला चढायला वीस सेकंद. तेवढ्यात अण्णा, म्हणजे साडूचे वडील, ज्यांच्या गुडघ्यांसाठी हे सगळं केलं, जिन्याने वर जाऊन पाणी पिऊन येतात. हो, जिन्यानेच. लिफ्टमध्ये ते आजतागायत बसलेले नाहीत. "मी बोर्डात होतो. मला वीज माहीत आहे," एवढंच कारण देतात.

तर पातेलं डाव्या कुशीला धरून, उजव्या कोपराने बटण दाबत मी निघालो. दहा सेकंद गेली. छतावरच्या चांदण्या विझल्या आणि लिफ्ट उभी राहिली.

या लिफ्टला आतून दार नसतं, समोर उघडी भिंत सरकत जाते. माझ्या छातीपर्यंत प्लास्टर होतं, त्यावर मिस्त्रीने पेन्सिलीने केलेली बेरीज होती (चुकलेली, हातचा एक धरायचा राहिला होता), आणि नाकासमोर पहिल्या मजल्याची फरशी. तिच्यावर काचेच्या दाराचा खालचा वीतभर-दोन वीत भाग. म्हणजे जग मला आता फक्त घोट्यापर्यंत दिसणार होतं.

मोबाइल खाली चार्जिंगला. मी अलार्म दाबला. घरभर चिमण्या चिवचिवल्या. वायरमनने अलार्मची तार घराच्या बेललाच जोडून दिली होती, आणि बेल चिमण्यांची. खाली मावशी फाटक उघडायला गेल्या. "कोणी नाही हो ताई." पुन्हा दाबला. पुन्हा फाटक. तिसऱ्या वेळी त्या झाडू घेऊन गेल्याचं मला चपलांच्या आवाजावरून कळलं. "पोरं बेल वाजवून पळतात मेली!"

शेवटी ओरडलो. मग काचेपलीकडे पावलं जमली. बायकोची जोडवी, भाच्याचे मळके मोजे, साडूच्या घरात घालायच्या भारी चपला. आणि सगळ्यांच्या पुढे, डाव्या अंगठ्याला कुरूप असलेले, अण्णांचे पाय.

"बटण सोडलंत का?" साडू.

"सोडलं नाही. लाइट गेलेत."

"कुठे गेलेत? पंखा फिरतोय की!"

"तुमचा इन्व्हर्टर आहे."

"अण्णा, लाइट गेलेत का हो?"

अण्णा छत्तीस वर्षं बोर्डात होते. लाइट गेलेले त्यांना कळू नयेत ही गोष्ट त्यांच्या हयातीत शक्य नव्हती. "गेलेले नाहीत," त्यांनी निकाल दिला. "याने बटण सोडलं असणार. हातात पातेलं आहे ना."

यावर पाच मिनिटं चर्चा झाली. मी अंधारात, हातात पाच लिटर रस, आणि वर माझ्या बोटाच्या चारित्र्यावर चर्चा. भाच्याने जाऊन मीटरवरचा दिवा विझलेला पाहिला तेव्हा अण्णा म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." बायकोने तेवढ्यात वाकून विचारलं, "रस नीट आहे ना?"

मग बाकीचे पुऱ्यांकडे गेले आणि अण्णांनी खुर्ची मागवली. ती दारापाशी लावून ते माझ्याशी गप्पा मारायला बसले. माणूस अडकला की त्याला बोलतं ठेवावं, असं त्यांचं म्हणणं. मी पातेलं खाली ठेवलं आणि शेजारी मांडी घालून बसलो. आता मला कुरूपसुद्धा दिसत नव्हतं, वरून आकाशवाणी तेवढी होत होती.

"घाबरू नकोस. लिफ्ट कधी पडत नसते. 1854 साली ओटिसने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः वर उभं राहून दोर तोडून दाखवला. पाळणा जागच्या जागी. का? खाली यायला लागला की दोन्ही बाजूंनी दात अडकतात. कळलं?"

"कळलं."

"आता एकच प्रसंग असा आहे," अण्णा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "1945. एम्पायर स्टेट बिल्डिंग. धुक्यात विमान येऊन धडकलं, एकोणऐंशीव्या मजल्याच्या आसपास. एक लिफ्टवाली पोरगी होती, ती जखमी झाली. तिला मलमपट्टी करून लिफ्टमध्ये घातलं खाली न्यायला. आणि दोर तुटले."

"बरं?"

"पंचाहत्तर मजले!"

एवढ्यात वरून मेहुणीने "अण्णा, मठ्ठा झालाय, चव बघता का?" अशी हाक मारली आणि अण्णा उठून गेले.

मी तिथे, अंधारात, पंचाहत्तर मजल्यांच्या वरच्या टोकाला. माझी लिफ्ट तेलाच्या दाबावर चालते, खाली जेमतेम दीड मीटर आहे, पडली तरी पातेलं हिंदकळेल, हे सगळं मला समजत होतं. पण समजणं आणि अंधार यांचं जमत नाही. हवा संपेल का, असाही विचार येऊन गेला. समोर बोट जाईल एवढी फट, त्यातून पुऱ्यांचा वास येतोय, तरी आला. जिथून पुरीचा वास येतो तिथून हवाही येतेच, हे सुचायला मला चार मिनिटं लागली.

डोळे अंधाराला सरावल्यावर आरशाखालची पाटी वाचली: 3 व्यक्ती, 204 किलो. म्हणजे माणशी 68. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये 6 व्यक्ती, 408 किलो. पुन्हा 68. ऑफिसात 13 व्यक्ती आणि 884. मानकात माणसाचं वजन 68 धरलेलं आहे. हा माणूस मला कधी भेटलेला नाही. मी 83 चा आहे. साडू त्याहून पुढे. आमच्या दोन्ही घराण्यांत मिळून 68 च्या आसपास फक्त अण्णा, आणि ते लिफ्टमध्ये बसत नाहीत.

अण्णा परतले. "कुठवर आलो होतो?"

"दोर तुटले."

"हां. वाचली ती."

"वाचली?"

"मग! तुटलेल्या दोरांचं खाली वेटोळं झालं होतं, गादीसारखं. मठ्ठ्याला मीठ कमी आहे. रसात वेलची घातलीय का रे? बघ जरा."

मी वगराळ्याने चाखून बघितलं. घातलेली होती. जायफळही होतं. तेवढ्यात भाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. "काका, मी दार फाकवतो, तुम्ही वर चढून या." आणि त्या दुपारी पहिल्यांदा अण्णांनी उपयोगाची गोष्ट केली. ते असे काही ओरडले की वरची पंगत गप्प झाली. "अर्धा आत, अर्धा बाहेर असताना लाइट आले तर? तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव आधी!" माणसं मरतात ती अडकून नव्हे, अर्धवट बाहेर येताना, असं ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच कापत होता. आत बसून राहण्यासारखं सुरक्षित काही नाही. मी बसून राहिलो. वगराळं हातात होतंच.

आता खरी चीड यायची गोष्ट सांगतो. वीज गेली तर बॅटरीवर ही लिफ्ट हळूच खालच्या मजल्यावर येऊन थांबायला हवी. तशी सोय होती. बॅटरी मेलेली होती. तीन वर्षांत ती कोणी बदलली नव्हती, कारण पहिलं फुकटचं वर्ष संपल्यावर साडूने देखभालीचा करारच केला नाही. "चालतेय की! वर्षाला एवढे पैसे कशाला?" चांदण्यांना पैसे होते. मार्बलला होते. माझ्या जागी अण्णा असते तर, हे मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "अण्णा बसतच नाहीत ना!"

कंपनीच्या नंबरवर मराठीसाठी एक दाबून, संगीत ऐकून, मग लिफ्टचा क्रमांक सांगायचा होता. तो आतल्या पाटीवर. मी अंधारात एकेक आकडा ओरडायचो, अण्णा तो वर सांगायचे, साडू फोनवर सांगायचा. सहाचा नऊ झाला आणि आम्हाला कोणाची तरी दुसरीच लिफ्ट सापडली. शेवटी एका टेक्निशियनने पाच वाक्यांत काम केलं. मेन स्विच बंद करा. सगळी दारं बंद आहेत का बघा. तळमजल्यावरचं कपाट उघडा. हाताने खाली उतरवायची कळ आहे. हळू दाबा.

कपाटाची किल्ली हरवू नये म्हणून साडूने तिजोरीत ठेवली होती. तिजोरीची किल्ली मेहुणीकडे. मेहुणी पुऱ्या तळत होती, हात पिठाचे.

पन्नास मिनिटांनी मी दीड मीटर खाली आलो. दार उघडल्यावर सगळ्यांनी आधी पातेल्यात डोकावून पाहिलं. अण्णांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. पातेल्याच्या आतल्या कडेला सुकलेल्या रसाची पिवळी रेघ होती आणि रस त्या रेघेच्या चांगला दोन बोटं खाली होता.

रात्री घरच्या ग्रुपवर साडूचा मेसेज आला: "लिफ्ट उत्तम स्थितीत आहे. वापरणाऱ्यांनी बटण दाबून धरावे." खाली सात अंगठे. त्यातला एक बायकोचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अण्णांचा फोन. तब्येत कशी आहे, झोप लागली का, धसका तर घेतला नाहीस ना. मला भरून आलं. मग थोडं थांबून ते म्हणाले, "किती वगराळी?"

"चार," मी म्हणालो.

"वाटलंच," अण्णा म्हणाले. "मला दोनच वाट्या आल्या."