मागचा दरवाजा नाही, आणि बर्कलीची हमी तर नाहीच

पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपांवरून फिरत फिरत एक मेसेज आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या ग्रुपवर येऊन थडकला. मजकूर असा: "थेट बर्कलीची भरमसाट फी कशाला? दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करा, नुसतं पास व्हा, पुढे बर्कली-यूसीएलएला प्रवेशाची हमी. खर्च निम्मा. डिग्रीवर उल्लेखही येत नाही. हा मागचा दरवाजा कोणी सांगत नाही." यातलं एक वाक्य खरं आहे. बाकीची त्याच्या खांद्यावर बसून गावभर हिंडतायत.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज; तिथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाणं म्हणजे ट्रान्सफर. आधी हमीचं बघू. कॅलिफोर्नियात अशी हमी आहे, ती थाप नाही. तिला टॅग (ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी) म्हणतात. पण ती यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठाच्या, सहाच कॅम्पसची: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो हे यूसीचेच कॅम्पस, पण ते टॅगमध्ये नाहीत. सहांपैकी एकाच ठिकाणी टॅगचा अर्ज करता येतो, तोही फक्त सप्टेंबरात. त्यातही विषय वगळलेले असतात. सांता बार्बराच्या इंजिनिअरिंगला टॅग चालत नाही.

मग बर्कली-यूसीएलएचं काय? तिथे सगळ्यांसारखीच स्पर्धा. यूसीएलएला ट्रान्सफरचे अर्ज करणाऱ्यांत साधारण चारांतल्या एकाला जागा मिळते; शाळेतून थेट येणाऱ्यांत दहांतल्या एकालाही नाही. म्हणजे वाट रुंद आहे, हे मान्य. पण ही सगळ्या विषयांची सरासरी झाली. कॉम्प्युटर सायन्सला अर्ज केलात की ती रुंदी संपते, आणि आपल्या ग्रुपवरच्या किती जणांना इतिहास घ्यायचाय ते मला माहीत आहे.

"नुसतं पास व्हा" यावर फार बोलण्यासारखं नाही. चारपैकी २.४ जीपीए (ग्रेडची सरासरी) ही राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी किमान पात्रता, बाहेरच्यांसाठी २.८. तेवढ्यावर अर्ज भरता येतो, एवढंच.

खरी गोम "दोन वर्षं" या शब्दांत आहे. यूसीचा अर्ज भरायचा दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात. म्हणजे प्रवेश समितीसमोर पूर्ण झालेले मार्क असतात पहिल्या वर्षाचे आणि मधल्या उन्हाळ्याचे. चालू टर्मचे मार्क जानेवारीत कळवायचे. पहिल्या टर्मला "अजून रुळतोय" म्हणून घालवलेला सी ग्रेड इथे नडतो.

त्यात गणिताची साखळी. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजचं उदाहरण घ्या. इंजिनिअरिंगकडे जायचं तर कॅल्क्युलसच्या चार टर्म, मग डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा. कॅल्क्युलसची टर्म आधीची झाल्याशिवाय पुढची घेता येत नाही, आणि फिजिक्सची वेगळी साखळी त्याच कॅल्क्युलसला बांधलेली. मुलगा प्रीकॅल्क्युलसपासून, म्हणजे त्याही आधीच्या कोर्सपासून, सुरू झाला, किंवा एका टर्मला वर्गात जागाच मिळाली नाही, की दोनाची तीन वर्षं होतात. शिवाय प्रत्येक कॅम्पसला आधीचे वेगवेगळे विषय लागतात. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठे चालतो हे असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर फुकट बघायला मिळतं. ते पहिल्याच आठवड्यात बघावं लागतं, मेसेज फॉरवर्ड करण्याआधी तर नक्कीच.

"मागचा दरवाजा" हा शब्द मात्र मला खटकतो. उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये राज्याने ही वाट मुद्दाम आखली: कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुलं, आणि तिथून यूसीला जायची सोय. आजही यूसीचं धोरण पहिल्या वर्षाला येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्सफर घेण्याचं आहे. आपल्याकडे डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांकडे वर्गात जसं बघतात, तोच चष्मा इथेही लावलेला दिसतो. मानवी जीनोम उलगडण्याच्या शर्यतीतले शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर व्हिएतनाम युद्धातून परतल्यावर आधी कॉलेज ऑफ सॅन मॅटिओत शिकले, मग यूसी सॅन डिएगोत. तेही मागच्याच दाराने आले म्हणायचे का?

खर्चाचा हिशेब कोणाचा, यावर सगळं अवलंबून. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजचं सेमिस्टर युनिट (एक क्रेडिट) ४६ डॉलरला पडतं; दोन वर्षांची ६० युनिट म्हणजे २,७६० डॉलर. पहिल्या दोन वर्षांची फी निम्मी काय, त्याहूनही कमी. पण मेसेज फिरतोय तो पुण्यातल्या पालकांत. तिथून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या मुलाला युनिटमागे याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात, आणि यूसीला गेल्यावरही त्याची फी बाहेरच्या राज्यातल्या मुलासारखीच: रहिवाशाच्या फीवर वर्षाला ३० हजार डॉलरहून जास्त. बचत होते, पण पहिल्या दोन वर्षांपुरती. बे एरियातलं घरभाडं दोघांनाही सारखंच, ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

राहता राहिलं डिग्रीवरच्या उल्लेखाचं, आणि हेच ते खरं वाक्य. बर्कलीची पदवी ही बर्कलीचीच. ट्रान्सफर असं तिच्यावर छापलेलं नसतं. फक्त मेसेजवाले काका एक सांगायला विसरले. कम्युनिटी कॉलेजचे कोर्स क्रेडिट म्हणून बरोबर येतात, ग्रेड येत नाहीत. सगळीकडे ए मिळवून आलेल्या मुलाचाही यूसीतला जीपीए कोऱ्या पाटीवर सुरू होतो, तोही थेट तिसऱ्या वर्षाच्या विषयांपासून, आणि शेजारच्या बाकावर दोन वर्षं तिथेच मुरलेली मुलं असतात.