आंदण गेलेल्या किल्ल्याखाली बसून

सकाळी सोलापूरच्या किल्ल्याच्या बागेत फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. राण्यांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचू नका म्हणे. एक, शाही बायकांचा राजकारणाशी संबंध नव्हता. दोन, पडद्याआड त्या सुखात होत्या. कैद, खून हा लेखकांचा मसाला. तीन, अशा कादंबऱ्यांनी इतिहास नासतो. पाठवणारे काका रोज ज्या बुरुजाखाली बसून घाम पुसतात, त्यालाच विचारायचं होतं की.

1524 मध्ये विजापूरच्या मरियमचं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी लग्न लागलं, तेही सोलापुरातच. सोलापूरचा किल्ला आंदण द्यायचं ठरलं होतं. भावाने, म्हणजे इस्माईल आदिलशाहाने, तो दिला नाही. वर्षभरात नवरा फौज घेऊन मेहुण्यावर चालून आला. चाळीसेक वर्षांनी वरात उलट्या दिशेने गेली: निजामशाहाची लेक चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली आणि तिच्याबरोबर हाच किल्ला आंदण गेला. त्या सोयरिकीवर उभी राहिलेली एकजूट 1565 मध्ये विजयनगरवर तुटून पडली. एवढं होऊन संबंध नव्हता म्हणे!

आता सुखाचं बघू. 1580 मध्ये अलीचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा इब्राहिम, कारभार बघायला चांदबीबी. किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबलं. तिथून सुटली, पुढे माहेरी अहमदनगरला गेली, तर 1595 मध्ये मुघल शहजादा मुरादचा वेढा. सुरुंगाने तटाला खिंडार पडलं, ते तिने स्वतः उभं राहून रातोरात बुजवून घेतलं. 1600 मध्ये मुघल पुन्हा आले. आता बोलणी करावीत असं तिचं मत पडलं, तेवढ्यावर ‘बाई फितूर झाली’ अशी हाकाटी उठली आणि आपल्याच माणसांनी महालात घुसून तिला मारलं. यात लेखकाने मसाला घालायचा तरी कुठे?

लांब कशाला, आपल्या जिल्ह्यात माचणूरला भीमेकाठी 1695 ते 1699 औरंगजेबाची छावणी होती. रायगड पडल्यावर 1689 मध्ये त्याच्याच कैदेत गेलेल्या येसूबाई 1719 मध्ये सुटल्या. तीस वर्षं!

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. चांदबीबीने तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली ही दंतकथाच, आणि नगरला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून दाखवतात ती सलाबतखानाची कबर. पण माझी तक्रार वेगळी आहे. आपले लेखक या बायकांना मखरात बसवतात. खिंडार रंगवून सांगतात, पण 1596 च्या तहात तिला वऱ्हाड प्रांत सोडावा लागला, ते दोन ओळींत उरकतात. जिंकलेला वेढा आणि गेलेला मुलूख घेऊन तिला त्याच संशयी सरदारांत परत बसायचं होतं. मला ती बैठक वाचायचीय. काकांनी हवं तर ते पान उलटावं.