एक तारा मिळाला, त्यावर आमचे उत्तर

नमस्कार साहेब,

‘1857 ची बंदूक. लंडनच्या लिलावात लाखांत जाते. इथे तिला शोभेच्या वस्तूचा भाव लावला आणि वर सांगितले, फेरफार झालाय. अहो, फेरफार इंग्रजांनीच केला!’ असे आपण आमच्या मूल्यांकनाला एकच तारा देताना लिहिले आहे.

इंग्रजांनी केला, हे बरोबर. इंग्रजी फौजेची, तोंडातून ठासायची एनफिल्ड बंदूक 1866 पासून स्नायडर पद्धतीने मागून भरायची झाली. 39 इंची नळीचे मागचे अडीच इंच कापून तिथे उजवीकडे उघडणारे झाकण बसवले. या कामासाठी मी एक रुपयाही कापलेला नाही; तो तिचा इतिहासच आहे. फक्त, या रूपात ती 1857 मध्ये नव्हती, हेही त्यातूनच निघते.

भाव पडला तो नंतरच्या हौसेमुळे. नळी पुढूनही कापली आहे, नेम धरायची माशीच उरलेली नाही. दस्ता पॉलिश पेपरने घासून त्यावर चकचकीत वॉर्निश चढवले आहे, त्यात लाकडावरचे शिक्के गेले. आणि मला सर्वात लागले ते हे, की घोड्याखालच्या पोलादी पट्टीला बफ मारून निकेल केले. मुकुट आणि साल त्याच पट्टीवर असते! आपला दावा निम्मा तरी सिद्ध करणारा पुरावा पॉलिशवाल्याने मजुरी घेऊन पुसला. तांब्याचा हंडा चिंचेने लख्ख करायची आपली सवय जुन्या हत्याराला फार महाग पडते.

बंदूक चालू नये म्हणून नळीत केलेले वेल्डिंग मात्र मी दोषात धरले नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही अशीच जुनी बंदूक परवान्याविना ठेवता येते, हे शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मध्ये आहे.

राहिला लंडनचा भाव. शंभर वर्षांपलीकडची पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, 1972 चा कायदा तसा आहे. मग तिकडचा आकडा मी इथल्या कागदावर कसा लिहू?

एक चूक आमची. फोटो न पाहताच आमच्या मुलाने फोनवर ‘चांगली किंमत येईल’ असे सांगितले. तसे बोलायला नको होते, त्याबद्दल माफी मागतो. शुल्क परत करणार नाही. अहवालासाठी दोन दिवस बसलो आहे.

नळीखाली बसणारा मूळ गज माळ्यावर असेल, असे आपण जाताना म्हणालात. सापडला तर गंजासकट आणा, पाहण्याचे पैसे घेणार नाही. फक्त त्या पॉलिशवाल्याकडे नेऊ नका.