'मराठीची कुबडी' म्हणणाऱ्या सरांना उत्तर

जर्मनमधलं माइन-डाइन, म्हणजे माझा-तुझा, मराठीच्या आधाराने शिकवणाऱ्या माझ्या पोस्टखाली एका सरांनी लांबलचक प्रतिक्रिया टाकलीये. थोडक्यात म्हणणं असं की मराठी आणि जर्मनची लिंगं जुळत नाहीत, अकुझाटिव्ह (कर्माची विभक्ती) दिलेलं नाही, तक्ता मोबाइलवर कापला जातो, आणि मग ते वाक्य: "मराठीची कुबडी दिलीत तर मुलं जन्मभर लंगडतील, सरळ इंग्रजीतून शिकवा."

सर, तक्ता कापला जातो हे शंभर टक्के मान्य, आज रात्री नीट करतो. लिंगांचं म्हणाल तर खुर्ची आपल्याकडे 'ती' आणि तिकडे देर श्टूल, म्हणजे 'तो', ते पाठच करावं लागतं, हे पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलंय. पूर्ण वाचायचे कष्ट घेतले असतेत तर दिसलं असतं.

आता कुबडी. मुद्दा मांडा ना, पण 'लंगडतील' वगैरे कशाला? माझ्याकडे ठाण्यातल्या नौपाड्यात शिकायला येणारी निम्मी मुलं मराठी मीडियमची आहेत, बऱ्याच मुली नर्सिंग करून आलेल्या, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून तर चौकशीला येणाऱ्यांत अशीच मुलं जास्त. त्यांच्यासमोर कुबडी म्हणून दाखवा एकदा.

मी स्वतः ठाण्यातल्या मराठी शाळेतला. जर्मन शिकलो ते एका क्लासमध्ये, सगळं इंग्रजीतून. राहुलची बॅग म्हणायला मी बिनधास्त 'ईअरं टाशं' (तिची बॅग) म्हणायचो, कारण टाशं स्त्रीलिंगी ना, मग हर! इंग्रजीत हिज-हर फक्त मालक बघतं, वस्तूचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे शेवटी लागणारा 'ए' (लिहिताना e, ऐकताना 'अं'सारखा) कोणाचा हेच डोक्यात शिरेना. आणि मराठीत आपण जन्मापासून काय बोलतोय? त्याची बॅग. 'त्या' राहुलचा, 'ची' बॅगेची. झाइन म्हणजे 'त्याचा', ते राहुलचं, शेवटचा 'ए' टाशंचा, झाइनं टाशं. तिचा भाऊ, ईअर ब्रूडर. तिची बहीण, ईअरं श्वेस्टर. मालक पुढे, वस्तू शेपटीला, संपला विषय. हे फळ्यावर लिहिलं की मुलं हसतात, "सर एवढंच?" म्हणतात. याला तुम्ही लंगडणं म्हणता?

बरं, तुमच्या इंग्रजीत युअर एकच. डाइन (तुझा), ऑयर (तुम्हा सगळ्यांचा) आणि मोठ्या आयचं ईअर (आदरार्थी तुमचा), तिन्ही त्या एका युअरमध्ये कोंबायचे. आपल्या पोरीला तुझा-तुमचा हा फरक आजीशी बोलताना लहानपणीच कळलेला असतो, ती जर्मन पेशंटला 'डाइनं टाबलेटन' (तुझ्या गोळ्या) म्हणायच्या आधी जीभ चावेल. (हां, ईअर म्हणजे तिचा, त्यांचा आणि आदरार्थी तुमचा, तिन्ही एकाच आवाजात, तिथे मराठीही वाचवत नाही. आणि 'ती आपल्या भावाला फोन करते' यातला 'आपल्या' जर्मनमध्ये नाहीच, तिथेही ईअरन ब्रूडर, भाऊ तिचाच की दुसरीचा ते संदर्भावरून ओळखा.)

अकुझाटिव्ह मुद्दाम ठेवलं नाही. नवशिक्यांची पोस्ट आहे, पहिल्याच दिवशी माइनन-माइनम अशी माइनची विभक्तीरूपं ओतली तर पोरं पळून जातील. माझा भाऊ पण माझ्या भावाला, तसं माइन ब्रूडर पण इश झेए माइनन ब्रूडर (मी माझ्या भावाला बघतो), इतकं पुढच्या भागात येईल. आता लगेच लिहाल की बहिणीचं माइनं श्वेस्टर तिथे तसंच राहतं आणि मराठीत 'माझ्या बहिणीला' होतं. माहितीये सर. तेही येईल.

बाकी उच्चार, फॉन्ट वगैरेंवर काही बोलत नाही. आणि इंग्रजीतूनच शिकवा हे सांगायला तुम्ही अख्खी प्रतिक्रिया मराठीत लिहिलीत, त्यावरही नाही. पुढचा भाग रविवारी टाकतो, त्याखाली भांडायला या, पण एखादं वाक्य घेऊन या, जिथे माझी पद्धत चुकीचं जर्मन बोलायला लावते. कालच्या प्रतिक्रियेत तसं एकही नव्हतं.